उसने तमाले

दाताखाली काहीतरी टणक लागलं आणि ओतिलिया चावायची थांबली. जिभेनं चाचपून पाहिलं. बोटाच्या पेराएवढं, गुळगुळीत, एका टोकाला गोल. डोकं असणार. म्हणजे बाळ आपल्याच तुकड्यात आलं. टेबलाभोवती सगळे गरम चॉकलेट पीत बसले होते, रोस्काचं ते मोठं गोड कडं अर्धं संपलं होतं आणि तिची नणंद एर्लिंदा हातात सुरी धरून एकेकाच्या तोंडाकडे संशयानं बघत होती. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, रोस्का कापायची, आणि आत घालून भाजलेलं बाळ येशू ज्याच्या वाट्याला येईल त्यानं कांदेलारियाला, दोन फेब्रुवारीला, सगळ्यांना तमाले, म्हणजे कणसाच्या सालांत गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे उंडे, करून घालायचे. पोर्तालेस वस्तीतल्या त्या तीन मजली इमारतीत भाडं थकलेलं चालायचं, तमाले चुकवलेले चालायचे नाहीत. ओतिलियानं बाळ जिभेखाली सरकवलं, वर चॉकलेटचा घोट घेतला, तोंड पुसायच्या निमित्तानं ते रुमालात घेतलं आणि झग्याच्या गळ्यातून आत टाकून दिलं. डाव्या बाजूला. टाकल्यावर मग तिच्या लक्षात आलं, की डाव्या बाजूला.

"कुणालाच नाही?" एर्लिंदा म्हणाली. "बरोबर आहे. आता बेकरीवाले बाळातसुद्धा काटकसर करायला लागले."

"ताई, तूच गिळलं असशील," फिदेन्सिओ म्हणाला. "तुला काय, सवय आहे."

सगळे हसले, कारण एर्लिंदाचा चिक्कूपणा इमारतीत जिन्याइतका जुना होता. कुठल्याशा एका वर्षी तिनं तमाले टाळायला बाळ खरोखरच गिळलं होतं असं तिचा भाऊ, म्हणजे ओतिलियाचा नवरा फिदेन्सिओ, दर सणाला सांगायचा. ओतिलियाही हसली. हसताना ते प्लास्टिकचं डोकं तिला आत टोचलं, जिथं गाठ होती त्याच्या जरा वर.

गाठीला दुपारीच नाव मिळालं होतं. डॉक्टर तरुण होता आणि त्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. ओतिलियाची अर्धी हयात शहराच्या मध्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेलेली. डॉक्टर तो शब्द उच्चारत होता तेव्हा ही बघत होती त्याच्या फ्रेमच्या नाकावरच्या चकत्या. चिमटीत धरून जराशा आत दाबल्या की झालं, दोन मिनिटांचं काम, कुणी सांगितलं कसं नाही याला. तो म्हणत होता, आठ वेळा औषध द्यावं लागेल, तीन-तीन आठवड्यांनी, पावसाळ्यापर्यंत जाईल, मग ऑपरेशन. पुढचं आत्ता विचारू नका, एकेक डोस बघत जाऊ. चष्मा वर सरकवत म्हणाला. आणि ओतिलियाला त्यातलं नेमकं तेवढंच ऐकू आलं, की पुढचं विचारू नका. मग संध्याकाळी दाताखाली बाळ आलं आणि सगळं टेबल आता तिला पुढचंच विचारणार होतं. दोन फेब्रुवारीला काय करणार आहेस, ओती? किती जणांचं करणार? हिरव्या चटणीचे करणार की मोलेच्या काळ्या, दाट रश्शाचे? तिनं बाळ लपवलं ते तमाल्यांच्या कष्टाला भिऊन नाही. दर डिसेंबरला ती वीस माणसांचा स्वयंपाक हसत करायची. पण शब्द द्यायचा म्हणजे तिथं हजर असायला हवं, आणि शब्द देऊन मोडणाऱ्या बाईच्या पोटी ती जन्मली होती.

असं म्हणणं वाईट, पण तिला ते तसंच वाटायचं. ती अकरा वर्षांची असताना आईला हेच झालं होतं. आईनं नवस बोलला, आणि देवीच्या देवळापर्यंतचा तो लांब रस्ता गुडघ्यांवर चालायला निघाली. लोक जातात तशी. बरोबरची माणसं पुढं घोंगडी अंथरतात, म्हणजे गुडघे सोलत नाहीत. आईच्या बरोबरची माणसं म्हणजे एकटी ओतिलिया. तिच्याकडे दोन घोंगड्या होत्या. आई एकीवरून सरकली की मागची उचलायची, धावत पुढं यायचं, अंथरायची, परत मागं पळायचं. उन्हानं डोकं तापलेलं. एकदा तिला उशीर झाला आणि आईचा गुडघा फरशीवर घासला, घोंगडीवर रक्ताचा ठसा उमटला, आणि आई म्हणाली, असू दे गं, आधी द्यावं लागतं, मग मिळतं. आईनं सगळं आधीच दिलं. नवसातलं तिचं अर्धं तिनं पुरतं केलं, दुसरं अर्धं तिकडून आलंच नाही, आणि तो पाऊस संपायच्या आत आई गेली. ओतिलिया तेव्हापासून देवळात जाते ती लग्नकार्याला. हात जोडते, कारण बाकीचे जोडतात. त्या रात्री तिनं बाळ धुतलं आणि दुकानातून आणलेल्या एका जुन्या चष्म्याच्या घरात ठेवून ते कपाटात टाकलं. फेकून द्यायला मात्र हात धजला नाही.

फिदेन्सिओला तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो शिलाईची यंत्रं दुरुस्त करायचा, बोलणं कमी, बोटं कायम तेलकट. त्यानं ऐकून घेतलं, उठला आणि न्हाणीघराचं दार काढून त्याचा घासणारा तळ रंधा मारून गुळगुळीत केला. ते दार बारा वर्षं घासत होतं. ओतिलियाला त्याचा राग आला आणि मग रडू आलं, आणि नेमकं कशाचं ते तिला सांगता आलं नसतं. पहिल्या डोसाचं औषध लाल होतं. लहानपणी जत्रेत मिळायच्या सरबतासारखं लाल. ते नळीतून हातात उतरताना बघत ती बसली होती आणि महिन्याअखेरची थंडी खिडकीच्या फटीतून पायांना लागत होती.

आणि मग दोन फेब्रुवारीला एर्लिंदानं सगळ्यांना खाली आपल्या घरी बोलावलं. टेबलावर तमाल्यांचं हे मोठं भांडं, झाकणाखालून वाफ येत्येय. बाजूला बशीत एक बाळ. "माझ्या तुकड्यात होतं," एर्लिंदा म्हणाली. "लपवलं होतं मी. आता हसा." लोक हसले, टाळ्या वाजवल्या, फिदेन्सिओनं तर बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून ताप आहे का बघितला. कुणाला खरंच वाटेना. ओतिलिया दारातच उभी राहिली. चरबीच्या आणि उकडलेल्या मक्याच्या वासानं तिनं नाकाशी रुमाल धरला. रोस्कामध्ये बाळ एकच होतं आणि ते वर कपाटात चष्म्याच्या घरात होतं. बशीतलं बाळ पिवळं पडलेलं, जुनं, एक पाय झिजलेला. कधीच्या काळचं कोण जाणे. माणसं तमाले टाळायला खोटं बोलतात हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. घालायला खोटं बोललेलं तिनं कुणी पाहिलं नव्हतं. आणि एवढ्यावर थांबलं नव्हतं. कोनाड्यात एर्लिंदाचं मोठं बाळ येशू खुर्चीत बसवलेलं होतं. कांदेलारियाला सगळे आपापल्या घरच्या बाळाला नवे कपडे करतात, एर्लिंदाच्या बाळाच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं तोच विटका हिरवा झगा असायचा. आज त्याला डॉक्टरचा पांढरा कोट होता. गळ्यात दोऱ्याएवढी बारीक, छाती तपासायची नळी. नवीन, बाजारातून विकत आणलेलं.

ओतिलियाला कळलं, आणि अंगावर काटा आला. इमारतीतल्या सगळ्यांना एर्लिंदाच्या उसनवारीचा नेम माहीत होता. ती वाटीभर साखरसुद्धा माणूस बघून द्यायची. तोंडाकडे नीट बघायची आणि मग ठरवायची. तिसऱ्या मजल्यावरच्या विधुर म्हाताऱ्यानं मागं एकदा शिडी मागितली तेव्हा ती त्याला तोंडावर म्हणाली होती, शिडी नेशील, पण परत कोण आणून देणार? सगळ्यांनी तिला नावं ठेवली. तीन आठवड्यांनी म्हातारा गेला. तेव्हापासून लोक गमतीनं म्हणायचे, एर्लिंदानं उसनं नाकारलं तर आधी डॉक्टरकडे जा. आणि हीच एर्लिंदा आज कुणी न मागता, गपचूप, ओतिलियाच्या वाट्याचे तमाले घालून मोकळी झाली होती. फुकट. परत मिळायची आशाच नसल्यासारखं, मेलेल्याच्या नावानं जेवण घालतात तसं. ओतिलियानं एक तमाला ताटात घेतला, वरची कणसाची सालं उलगडली, आणि पुन्हा मिटून ठेवली. "खा की गं," एर्लिंदा म्हणाली. "विष नाही घातलेलं." ओतिलिया म्हणाली, "आभारी आहे, ताई," आणि वर निघून आली. आभार या शब्दाची चव तोंडात औषधासारखी, नाणं चघळल्यासारखी होती.

त्या शब्दाचा तिला पुढं पुढं वीट आला. आजारी माणसाला दिवसभर दुसरं काम काय असतं? पाणी दिलं, आभार. उशी सरळ केली, आभार. दुकानातल्या मुलींनी रंगीत फडकं पाठवलं डोक्याला बांधायला, आभार. कुणी म्हणे तुझ्यासाठी मेणबत्ती लावली, कुणी म्हणे सगळं चांगलं होणार बघ, जसं काही यांनीच ठरवायचं आहे, आणि त्यांचेसुद्धा आभार. एर्लिंदा रोज दुपारी कोंबडीच्या साराचं पातेलं जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायची आणि खालून ओरडायची, "पातेलं घासून पाठव गं, काल कडेला तसंच होतं." ओतिलिया ते सार कधी प्यायची, कधी मोरीत ओतायची. मार्चमध्ये केस गेले आणि त्याच आठवड्यात रस्त्यावरचे नीलमोहर फुलले. हॉस्पिटलला जायच्या वाटेवर फुटपाथ जांभळा व्हायचा, गाड्यांच्या टपांवर फुलं, कचऱ्याच्या डब्यावर फुलं. तिला वाटायचं, यांना काही लाज? दरवर्षी ती ही झाडं बघून खूश व्हायची, बसमधून मान वळवून बघायची. यंदा ती खाली बघून चालायची. उशीवर सापडलेले आपले केस तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून टाकले होते आणि इथं झाड वरून सगळं गाळत होतं आणि सगळे त्याचं कौतुक करत होते.

हॉस्पिटलात तिच्या शेजारच्या खुर्चीत निकानोर नावाचे एक म्हातारे असायचे. लग्नांत तुतारी वाजवायचे, आता फुप्फुसातच गडबड. त्यांचा आणि तिचा दिवस एकच पडायचा. फार बोलायचे. सिस्टर सुई टोचायच्या आधी आपले हात चोळून गरम करायची, त्याचंही त्यांना अप्रूप.

"बघितलंत?" ते म्हणायचे. "माझ्या बायकोनं चाळीस वर्षांत कधी हात गरम करून लावला नाही."

"तुम्ही तिला सुई टोचू दिली नसेल," ओतिलिया म्हणायची.

"जिभेनं टोचायची ना. सुई कशाला हवी?"

आणि मग ते डोळे मिटून पडायचे, आणि नळीतल्या थेंबांच्या तालावर बोटं मांडीवर हलायची, तीन बोटं, तुतारीच्या कळा दाबल्यासारखी. ओतिलिया ती बोटं बघत बसायची. कुठलं गाणं असेल? एकदा तिनं विचारलं. ते म्हणाले, "नवीन बसवतोय. शेवटचा भाग अजून जमत नाही." त्या दिवशी बाहेर पडल्यावर तिला भूक लागली. तिनं कोपऱ्यावरच्या गाडीवर लिंबू आणि तिखट लावलेली खिकामाच्या कंदाची फोड घेतली, कच्ची, पांढरी, पाणीदार. आणि तिची चव लागली. खरी चव. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. ती फुटपाथवर उभी राहून खात होती, हनुवटीवरून रस गळत होता आणि जांभळी फुलं पायांखाली चिकटत होती. कुणाचे आभार मानायचे ते नाव तिला आठवेना, पण मानावेसे वाटले. तेवढ्यात बस आली.

एप्रिलअखेर शहर तापलं. धूळ, डोंगर दिसेनात, दुपारी भिंतीसुद्धा धापा टाकत असल्यासारख्या. पाचव्या डोसाला ती गेली तर शेजारच्या खुर्चीत एक पोरगेलासा माणूस मोबाईल बघत बसला होता. "निकानोर कुठं आहेत?" तिनं सिस्टरला विचारलं. "त्यांना घरी पाठवलं," सिस्टर म्हणाली आणि हात चोळायला लागली. घरी दोन तऱ्हांनी पाठवतात. कुठल्या तऱ्हेनं, ते ओतिलियानं विचारलं नाही. सिस्टरनंही सांगितलं नाही. घरी येताना तिला सारखी ती तीन बोटं दिसत होती आणि न जमलेला शेवट. पुढचे तीन आठवडे ती पडून राहिली, आणि सहाव्या डोसाच्या सकाळी फिदेन्सिओ कामावर गेल्यावर तिनं कपडे केले, डोक्याला फडकं बांधलं, आणि परत पलंगावर बसली. जायचं नाही. ठरवलं असंही नाही, पाय उठेनात एवढंच. आईनं केवढं केलं होतं. रस्ताभर गुडघे घासले होते. मग आपण नाही गेलो तर काय बिघडलं? आत्ताच्या आत्ता सगळं थांबेल, तोंडातलं नाणं जाईल, उरलेले दिवस निदान आपले तरी असतील. खालून कुणाच्या तरी रेडिओवर हवामान चाललं होतं. पाऊस येणार म्हणत होते, रोजच म्हणत होते.

"अजून गेली नाहीस?" एर्लिंदा दारात उभी होती, हातात पातेलं.

"नाही."

"बस चुकेल."

"मी जाणार नाहीये, ताई. आजही नाही, यापुढंही नाही. फिदेला मी सांगेन. तुम्ही सांगू नका."

एर्लिंदानं पातेलं खाली ठेवलं. ती ओरडेल, निदान टोमणा मारेल असं ओतिलियाला वाटलं होतं, पण ती नुसतीच तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ते बघणं ओतिलियाला ओळखीचं होतं. साखर मागायला आलेल्याकडे ती असंच बघायची. आणि कधीपासून आत साठलेलं सगळं एकदम वर आलं. ती उठली, कपाट उघडलं, चष्म्याचं घर काढून पलंगावर उपडं केलं. बाळ बाहेर पडलं.

"हे बघा. माझ्या तुकड्यात होतं. माझे होते तमाले. तुम्ही का खोटं बोललात? मी मरणार हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? तोंड बघूनच कळतं तुम्हाला. म्हणून माझं देणं उरकून टाकलंत. आणि त्या तुमच्या बाळाला कोट, नळी, आणि रोजचं हे सार. फुकट. तुम्ही जन्मात कुणाला काही फुकट दिलंय, ताई?"

एर्लिंदानं बाळ उचललं, पदरानं पुसावं तसं ॲप्रनला पुसलं, आणि खुर्चीत बसली. तिचे गुडघे वाजले.

"ते तुझ्या तुकड्यात होतं हे मला त्याच दिवशी माहीत होतं," ती म्हणाली. "मीच कापत होते ना? सुरी अडली. सुरी अडली की मला कळतं, मी काय आजची कापत्येय? जिथं अडते तो तुकडा मी दुसऱ्याच्या ताटात टाकते. दरवर्षी. उगाच लोक म्हणतात मी गिळते म्हणून. गिळायला मी काय वेडी आहे? यंदा तुझ्या ताटात टाकला, कारण तुझ्या हातचे तमाले खरंच बरे होतात. मग तू चावायची थांबलीस, इकडं तिकडं बघितलंस आणि लपवलंस. मला हसू आलं. म्हटलं, बघा, ही पण माझ्यावर गेली."

ओतिलियानं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं.

"मग चार दिवसांनी फिदेन्सिओ खाली आला आणि जिन्यात बसला. त्याला सांगता येईना, नुसता बोटं पुसत होता. तेव्हा मला कळलं तू का लपवलंस ते. आणि मला कसंतरीच झालं, ओती. त्याच दिवशी तुला ते कळलेलं, आणि मी तुझ्या ताटात आणखी एक देणं टाकलं."

"म्हणून कीव केलीत."

"कीव?" एर्लिंदा खरोखरच चिडली. "मी? अगं, दोन तारखेच्या आधी तू त्या लाल औषधानं आडवी पडली होतीस. तुझ्याच्यानं पीठ मळवणार होतं का? बाळाला काय सांगायचं होतं, यंदा जमत नाही? मी तुला उसने दिले. उसने. भांडंभर तमाले, चांगली चरबी घालून केलेले. पुढच्या कांदेलारियाला तू मला तेवढेच परत करायचेस. तेव्हाच सांगणार होते, पण तू ताटावरून उठून गेलीस, मग म्हटलं जरा बरी होऊ दे, मग मागू. सार त्यात धरलेलं नाही, सार मी माझ्यासाठी करते, उरतं ते तुला."

रेडिओवर आता गाणं लागलं होतं. ओतिलिया पलंगाच्या काठावर बसली. तिला एकदम थंडी वाजली, भर मे महिन्यात.

"सव्वीस वर्षं झाली तुला या घरात येऊन," एर्लिंदा म्हणाली. "बुडणाऱ्याला मी कधी उसनं दिलेलं तू पाहिलंयस?"

"नाही," ओतिलिया म्हणाली.

"मग?"

ओतिलिया त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिली, आखडू, सुरकुतलेल्या, वरच्या ओठावर बारीक मिशी असलेल्या तोंडाकडे. साखरेची वाटीसुद्धा चारदा विचार करून देणारी बाई. तिनं फेब्रुवारीतच हिचं तोंड बघितलं होतं, पांढरंफटक, ओकाऱ्यांनी ओढलेलं, आणि आख्खं भांडं देऊन टाकलं होतं, आणि तीन-साडेतीन महिने ते परत येणार म्हणून निवांत बसली होती. डॉक्टर म्हणत होता, पुढचं विचारू नका. हिनं विचारलंच नव्हतं. हिनं धरूनच चाललं होतं. ओतिलियाला आईची घोंगडी आठवली. मागची उचलायची, पुढं टाकायची. आई म्हणायची आधी द्यावं लागतं, आणि आईनं गुडघे दिले. इथं तर कुणी काही मागायच्या आधीच तिच्या पुढं घोंगडी पडलेली होती, महिन्यांमागून महिने, आणि ती उगाच फरशीवर पाय आपटत, रागानं कडेकडेनं चालली होती. गुळगुळीत केलेलं दार. गरम केलेले हात. घासायला लावलेली पातेली. आभारी आहे असं म्हणायचं तिला सुचलं नाही. त्याची गरजही वाटली नाही. उसनं घेतलेलं परत करायचं असतं, बस.

"किती होते?" तिनं विचारलं.

"मोजून देईन सांगून. आधी तू ऊठ. आता बस नाही मिळायची, टॅक्सी कर." एर्लिंदा उठली, दारात थांबली. "टॅक्सीचे तुझे तू दे."

सहावा डोस झाला, सातवा झाला. पाऊस आला तो गारांसकट आला, गच्चीवरच्या पत्र्यावर अशा कोसळल्या की टीव्हीतला माणूस नुसता तोंड हलवत राहिला, आणि ओतिलियानं खिडकीतून हात बाहेर काढून एक गार उचलून तोंडात टाकली. गार लागली, दुसरं काही नाही. नाण्याची चव गेली होती. शेवटच्या डोसाला तिनं त्या तरुण डॉक्टरचा चष्मा मागून घेतला, चकत्या दाबून दिल्या, आणि तो परत लावल्यावर डॉक्टर जरा वेळ तिच्याकडे असा बघत राहिला, जसा तिला पहिल्यांदाच बघत असावा. ऑपरेशन झालं. डावी बाजू सपाट झाली आणि तिथं एक तिरपी शिवण राहिली. फिदेन्सिओ ती एकदा बघून म्हणाला की टाके सरळ घातलेत, आणि मग त्यानं तोंड फिरवलं. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी झेंडूच्या फुलांमध्ये आईचा फोटो ठेवताना तिनं शेजारी थोडी जागा मोकळी सोडली, निकानोरसाठी. फोटो नव्हता आणि ते गेले की नाहीत हेही तिला माहीत नव्हतं. असलेच कुठं तर रागावणार नाहीत असं तिला वाटलं. त्या रात्री ती आईशी बोलली, मनातल्या मनात, कितीतरी वर्षांनी न भांडता. आणि मग, आईच्या पलीकडे जो कुणी असेल त्याच्याशीही दोन शब्द बोलली. काही मागितलं नाही. इथं आहे मी, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तिनं तमाल्यांसाठी कणसाच्या वाळलेल्या सालांची जुडी आणून स्वयंपाकघरात टांगली. "एवढ्या लवकर?" फिदेन्सिओ म्हणाला. "असू दे," ती म्हणाली.

डॉक्टरनं पुढची मोठी तपासणी मार्चमध्ये ठेवली होती. काही सांगता येत नाही, बघू, असं तो अजूनही म्हणत होता. तीन राजांच्या सणाला सगळे परत टेबलाभोवती जमले, चॉकलेटला साय आली होती, आणि रोस्का मधोमध ठेवलेली होती, वर अंजिराच्या आणि लाल-हिरव्या पाकवलेल्या फळांच्या पट्ट्या. ओतिलियाच्या डोक्यावर पोरासारखे आखूड, पांढरट केस आले होते. एर्लिंदानं सुरी तिच्यापुढं सरकवली. "माझं मनगट दुखतं," ती म्हणाली. "यंदा तू काप."

ओतिलिया कापत गेली. एकेक तुकडा एकेकाच्या ताटात. आणि अर्ध्यावर आल्यावर सुरी अडली. अगदी जरा, दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. तिनं वर बघितलं. एर्लिंदा तिच्याकडेच बघत होती, चॉकलेटचा पेला ओठांशी तसाच. टेबलावर अजून चार ताटं रिकामी होती. ओतिलियानं सुरी थोडी बाजूला घेतली, तुकडा कापला आणि आपल्या ताटात ठेवला.

"ओती," एर्लिंदा हळूच म्हणाली, "तुझ्या डोक्यावर एक देणं आहे अजून."

"ते या कांदेलारियाला फेडते. सालं आणून ठेवलीत."

"आणि हे?"

"हे राहू दे माझ्यावर. पुढच्या वर्षी घालीन."

एर्लिंदानं पेला खाली ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, मग डोळ्यांत. फिदेन्सिओला काय चाललंय ते कळत नव्हतं, त्यानं एकदा बायकोकडे आणि एकदा बहिणीकडे बघितलं. ओतिलिया हातात सुरी तशीच धरून उभी होती.

"राहू दे," एर्लिंदा म्हणाली. "पण तेव्हा भांडं तुझं तू आण. माझं मिळणार नाही."

ओतिलिया बसली. तिनं तुकडा उचलून चावला, दाताखाली बाळ आलं, ते तिनं तोंडातून काढलं, रुमालानं पुसलं आणि सगळ्यांना दिसेल असं टेबलाच्या मधोमध ठेवलं.